वस्तीआधी वाट : प्रस्तावना

सोयाबीनच्या हंगामात बुलढाणा जिल्ह्यातल्या जानेफळच्या स्टँडवर सकाळी अर्धा तास उभं राहिलं, तर या पुस्तकाचा विषय डोळ्यांपुढून जातो. मेहकरकडून आलेली एसटी खामगावकडे तोंड करून थांबते. तिच्यामागे पोत्यांनी भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली अडकते. ट्रॉलीच्या कडेने मोटारसायकली सुटतात, काळी-पिवळीवाला ‘मेहकर, मेहकर’ ओरडत निम्मा रस्ता घेऊन बसतो, शाळेची पोरं दोन गाड्यांच्या फटीतून पलीकडे जातात आणि मध्येच एखादी बैलगाडी सगळ्यांना आपल्या चालीवर आणते. कोणी कोणावर फारसं चिडत नाही. थोडं थांबायचं, थोडं सरकायचं, हा इथला जुना करार आहे.

आता समजा, याच रस्त्याला लागून पंचवीस एकर वावर विकलं गेलं. दर्शनी बाजूला गाळे, मागे घरं, एका कोपऱ्यात मंगल कार्यालय, टोकाला धान्याचं गोदाम असा नकाशा निघाला आणि फाट्यावर रंगीत बोर्ड लागला. बोर्डावर बाग, पाणी, वीज, देऊळ सगळं असतं. फक्त एक प्रश्न नसतो : या वस्तीतली माणसं आणि माल ज्या रस्त्यावर उतरणार, त्या रस्त्याचं काय होणार? तो विचारण्याच्या, मोजण्याच्या आणि उत्तर काढण्याच्या शास्त्राला ‘वाहतूक परिणाम मूल्यांकन’ असं लांबलचक सरकारी नाव आहे. महानगरांतल्या सल्लागार कंपन्यांच्या इंग्रजी अहवालांत ते बंद होतं. ‘वस्तीआधी वाट’ या पुस्तकाने ते मराठीत आणि तालुक्याच्या पातळीवर आणलं आहे. वरचा पंचवीस एकरांचा नकाशा कल्पनेतला आहे, पण लेखकाने तोच उदाहरण म्हणून शेवटपर्यंत वापरला आहे.

विषयाशी पहिलीच भेट असलेल्या वाचकासाठी त्याचा गाभा थोडक्यात सांगतो. आधी आजचा रस्ता मोजायचा : कोण, किती, केव्हा, कुठे वळतात. मग नवी वस्ती दिवसाला किती फेऱ्या निर्माण करील याचा अंदाज बांधायचा. त्या फेऱ्या कोणत्या दिशेला, कशा साधनाने आणि कोणत्या रस्त्याने जातील ते ठरवायचं. जुन्या आणि नव्या फेऱ्यांची बेरीज रस्त्याला आणि चौकाला पेलते का ते पाहायचं. पेलत नसेल तर वस्तीचा आकार, तोंड, वेळ किंवा रस्ता यांतलं काय बदलायचं आणि त्याचा खर्च कोणी करायचा, ते सांगायचं.

गणित अवघड नाही. आपल्या कल्पित ले-आउटमध्ये २०० घरं आहेत आणि जाणं एक व येणं एक धरून घरामागे दिवसाला ८ फेऱ्या होतात असं मानू. एकूण १,६०० झाल्या. किराणा, दळण, केस कापणं, झेरॉक्स ही कामं दर्शनी गाळ्यांत झाली, तर त्यातल्या साडेतीनशे फेऱ्या मोठ्या रस्त्यावर येणारच नाहीत. घरं आणि दुकानं एकत्र वसवण्याचा, म्हणजे मिश्र वापराचा, हाच मोठा फायदा. उरल्या १,२५०. त्यातला दहावा हिस्सा गर्दीच्या तासात धरला तर सव्वाशे. एवढ्याने काही बिघडत नाही, असं म्हणून नकाशा मंजूर करायचा मोह होतो. पण कोपऱ्यातल्या मंगल कार्यालयाचा हिशेब अजून बाकी आहे. लग्नाच्या दिवशी मुहूर्त गाठायला तासाभरात ८०० माणसं आली, तर ती घरांच्या गर्दीच्या तासाच्या सहापटींहून जास्त भरतात. शिवाय गाळ्यांवर थांबणारे कितीतरी लोक मुळात त्या रस्त्याने जाणारेच असतील. ते नवे नाहीत, पण त्यांचं थांबणं आणि वळणं नवं आहे, आणि वळणाऱ्या गाड्यांनी अपघाताचा धोका वाढतो. दोनशे घरांची भीती सगळ्यांना वाटते. प्रत्यक्षात रस्ता अडतो तो एका हॉलमुळे आणि गाळ्यांपुढे आडव्यातिडव्या लागलेल्या गाड्यांमुळे.

हे शास्त्र जन्मलं अमेरिकेत, मोटारींच्या पुरात. १९५४ साली मिचेल आणि रॅपकिन या दोघांनी आपल्या पुस्तकाच्या नावातच सिद्धान्त मांडला की शहरातली वाहतूक ही जमिनीच्या वापरातून निपजते. रस्त्यावरची गर्दी रस्त्यात जन्मत नाही, कडेच्या जमिनीवर जन्मते, हे आज साधं वाटतं, पण तोवर इंजिनिअर रस्ता पाहायचे आणि नगररचनाकार जमीन. त्याच दशकात डेट्रॉइट आणि शिकागोच्या सर्वेक्षणांतून फेऱ्यांची निर्मिती, वाटणी, साधन आणि मार्ग ही चार पायऱ्यांची रीत घडली. १९६५ च्या अमेरिकी ‘हायवे कपॅसिटी मॅन्युअल’ने रस्त्याला शाळेसारखी ए ते एफ श्रेणी दिली. १९७६ पासून तिथल्या वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेने कोणत्या वापरातून किती फेऱ्या निघतात याचे तक्ते छापायला सुरुवात केली. एवढ्यावर पहिलं घराणं उभं राहिलं : किती गाड्या येतील ते भाकीत करा आणि तेवढा रस्ता पुरवा.

दुसरं घराणं ब्रिटनमधलं. कॉलिन ब्युकॅनन यांच्या १९६३ च्या ‘ट्रॅफिक इन टाउन्स’ या सरकारी अहवालाने विचारलं की रस्त्यावर किती गाड्या मावतात हे ठीक, पण तिथे राहणाऱ्यांना किती सोसतात? गोंगाट, धूर, रस्ता ओलांडण्याची भीती यांचीही एक मर्यादा असते आणि ती गाड्या मावण्याच्या मर्यादेच्या कितीतरी आधी येते. शाळेसमोरून जाणाऱ्या रस्त्याला हा विचार आजही तंतोतंत लागू आहे.

तिसरं घराणं पहिल्याच्या टीकेतून निघालं. अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच दाखवलं होतं की गर्दीच्या वेळी मोकळा केलेला महामार्ग पुन्हा भरतो, कारण मोकळ्या रस्त्याची बातमी माणसांना लागते. डोनाल्ड शूप यांनी छापील तक्त्यांची फजिती उघड केली. १९८७ च्या आवृत्तीत फास्ट-फूडच्या दुकानाला दर हजार चौरस फुटांमागे दिवसाला ६३२.१२५ फेऱ्या असा आकडा होता. दशांशानंतर तीन अंक, आणि आधार अवघ्या आठ ठिकाणच्या मोजणीचा! कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा करून वाट बदलली. तिथे १ जुलै २०२० पासून पर्यावरणीय मूल्यांकनात ‘गाड्या किती वेळ खोळंबतील’ याऐवजी ‘या वस्तीमुळे लोकांना गाडीने एकूण किती अंतर कापावं लागेल’ हे पाहिलं जातं. जुन्या मापात गावाबाहेरच्या मोकळ्या माळावरची वस्ती चांगली ठरत होती, कारण तिथल्या चौकात गर्दी नव्हती. नव्या मापात ती वाईट ठरते, कारण तिथून प्रत्येक कामाला गाडी काढावी लागते.

भारतातली वाट वेगळी आहे आणि तिची सुरुवात एका मराठी माणसाच्या नावाने होते. १९२७ मध्ये नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष होते बॅ. मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. त्या समितीच्या मंथनातूनच १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस म्हणजे ‘आयआरसी’ स्थापन झाली, आणि १९४३ मध्ये नागपुरात जमलेल्या मुख्य अभियंत्यांनी वीस वर्षांची ‘नागपूर योजना’ आखली. विकसित शेतीच्या पट्ट्यातलं कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर नसावं, हा तिचा एक दंडक होता. म्हणजे आपल्याकडे रस्त्याचा विचार गाव आणि शेतमाल यांच्यापासून सुरू झाला. अमेरिकेत तो मोटारीपासून झाला होता.

ही शेतकी दृष्टी आयआरसीच्या संहितांत अजून सापडते. बिगरशहरी रस्त्यावरची वाहतूक कशी मोजावी हे सांगणारी ‘आयआरसी ९’ म्हणते की मोजणी वर्षातून किमान दोनदा करा, एकदा सुगीच्या आणि बाजाराच्या भर हंगामात, एकदा मंदीच्या काळात, आणि दर वेळी सलग सात दिवस, चोवीस तास. किती शहाणपणाचा नियम आहे! सात दिवस म्हटल्यावर आठवडी बाजार आपोआप आत येतो. सुगी म्हटल्यावर सोयाबीन आणि कापूस आत येतात. उलट एखाद्या आडवारी काही तास कॅमेरा लावून केलेल्या मोजणीत हे दोन्ही निसटतात, आणि अहवालातला रस्ता प्रत्यक्षापेक्षा रिकामा दिसतो.

पण याच संहितांत एक पेच आहे, आणि या पुस्तकाचं खरं मोल त्या पेचाशी झुंजण्यात आहे. आपल्या रस्त्यावर पन्नास जातींची वाहनं धावतात. त्यांची बेरीज करायची म्हणून प्रत्येकाला मोटारीच्या मापात बदलतात. त्या मापाला पीसीयू म्हणतात. ग्रामीण रस्त्यांसाठीच्या ‘आयआरसी ६४’ मध्ये मोटार १, मोटारसायकल अर्धी, बस किंवा ट्रक ३, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार आणि मोठी बैलगाडी ८. सपाट प्रदेशातल्या दोन पदरी रस्त्याला दिवसाला १५,००० पीसीयू आणि एका पदराच्या रस्त्याला २,००० पीसीयू पेलतात, असंही ती संहिता सांगते.

तक्ता चुकीचा नाही. बैलगाडीमागे खरंच आठ मोटारींची जागा आणि वेळ अडकतो. पण तो कोणाच्या खुर्चीतून लिहिला आहे, ते पाहा. स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसाला बैलगाडी म्हणजे आठ मोटारींचा अडथळा. धुऱ्यापलीकडच्या वावरात कडबा नेणाऱ्याला तीच गाडी म्हणजे रस्ता असण्याचं कारण. दाटीवाटीने बारा माणसं भरलेली काळी-पिवळी आणि एकट्या माणसाची मोटार या तक्त्यात जवळजवळ शेजारी बसतात. आणि स्टँडवर सगळ्यात जास्त असलेला पायी माणूस तर तक्त्यात नाहीच. असा तक्ता डोळे मिटून वापरला की निष्कर्षही ठरलेला येतो : हळू चालणारे बाजूला काढा. मग नव्या वस्तीमुळे झालेल्या कोंडीची किंमत जुना रस्तेकरी भरतो. पांदणीतून डांबरी रस्त्यावर यायची त्याची जागा दुभाजकाने बंद होते, आणि समोर दिसणाऱ्या वावरात जायला त्याला लांबचा वळसा पडतो. कोणत्याही श्रेणीत हा वळसा मोजला जात नाही.

दुसरा असाच सापळा ‘तिसाव्या तासा’चा. रस्त्याचा आराखडा करताना वर्षातले सगळे तास गर्दीच्या उतरत्या क्रमाने मांडून तिसाव्या तासाची वाहतूक धरायची रीत आहे. त्याहून गर्दीचे एकोणतीस तास सोडून द्यायचे, कारण तेवढ्यासाठी रस्ता रुंद करणं परवडत नाही. खर्चाच्या दृष्टीने हे बरोबरच. पण शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना मेहकरहून जानेफळमार्गे खामगावकडे जाते. ते तास, पोळ्याची संध्याकाळ आणि दाट तिथीची लग्नं याच सोडून दिलेल्या तासांत पडतात. त्यांच्यासाठी रस्ता रुंद करू नका, पण त्या दिवशी गाड्या कुठे वळवायच्या आणि मंगल कार्यालयाचं फाटक कुठे उघडायचं, याचं उत्तर तरी नकाशावर हवं. लेखकाचा हा आग्रह मला पटतो.

मिश्र वाहतुकीचा विचार देशात झालाच नाही असं मात्र नाही. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या ‘इंडो-एचसीएम २०१७’ने मान्य केलं की पीसीयू हा पक्का आकडा नाही, गाड्यांच्या मिश्रणाप्रमाणे तो बदलतो. दिल्लीच्या आयआयटीत दिनेश मोहन आणि गीतम तिवारी यांनी पायी व सायकलने जाणाऱ्यांच्या सुरक्षिततेला विषयाच्या मध्यभागी आणलं. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने गाड्यांऐवजी माणसं हलवण्याला प्राधान्य दिलं. पण ही चर्चा बरीचशी शहराच्या वेशीवर थांबते.

वेशीबाहेरचं महाराष्ट्राने बरंच पाहिलं आहे, आणि त्यातून तीन धडे मिळतात. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये नव्या मुंबईची कल्पना मांडली, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, आणि वाशीला लोकल गाडी पोचली १९९२ मध्ये. वस्ती आणि वाट यांत वीस वर्षांचं अंतर पडलं की काय होतं, हे त्या पिढीला कोणी सांगायला नको. हिंजवडीत उद्योग आले, बुरुज उभे राहिले, पण ज्या रस्त्यांनी तिथे पोचायचं ते गावांचे जुनेच रस्ते होते. तिथली कोंडी राज्यभर म्हणीसारखी झाली. मगरपट्ट्यात मात्र शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र आणून घरं, कार्यालयं, शाळा आणि दवाखाने एकाच आवारात वसवले. आतल्या आत भागणाऱ्या फेऱ्या म्हणजे काय, ते तिथे चालत दिसतं. तिथले लोकही शेवटी पुण्याच्या त्याच भरलेल्या रस्त्यावर बाहेर पडतात, हेही खरं. मिश्र वापराने फेऱ्या कमी होतात, नाहीशा होत नाहीत.

हा विषय बुलढाणा जिल्ह्यात आत्ताच का? कारण ‘समृद्धी’. या ७०१ किलोमीटर लांबीच्या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. मेहकरजवळ त्याचा इंटरचेंज आहे. महामार्गालगतच्या प्रस्तावित नवनगरांमध्ये मेहकर तालुक्यातलं साब्रा-काब्रा आणि सिंदखेडराजा तालुक्यातलं सावरगाव माळ ही नावं आहेत. रस्ता आला की माल, माल आला की माणूस आणि माणूस आला की जमिनीचा भाव, ही साखळी या भागाला नवी नाही. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा छोटा फाटा आला आणि कापसाच्या गाड्यांच्या रांगा त्या दिशेला वळल्या. नवा आहे तो वेग, आणि मोठ्या प्रकल्पांच्या सावलीत उगवणारे छोटे ले-आउट.

कायद्याची जाळी मोठ्या माशांसाठी विणलेली आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर बांधकामापासून किंवा ५० हेक्टरांच्या टाउनशिपपासून पूर्वपरवानगी लागते आणि तिथे वाहतुकीबद्दल विचारणा होते. राज्याच्या धोरणात एकात्मिक नगरवसाहतीला किमान ४० हेक्टर जमीन आणि किमान १८ मीटर रुंद रस्ता हवा. आपला पंचवीस एकरांचा ले-आउट म्हणजे सुमारे दहा हेक्टर. प्लॉट पाडून विकले तर बांधकाम ज्याचं तो करणार, म्हणून एकत्र बांधकामाचा आकडाही कागदावर येत नाही. अशा ले-आउटला वाहतुकीचा प्रश्न कोणी विचारत नाही. असे आठ ले-आउट एकाच रस्त्यावर झाले, तर नगरवसाहतीएवढी वाहतूक तयार होते आणि मूल्यांकन शून्य. रस्त्याची जागा सार्वजनिक बांधकाम खात्याची, जमिनीची परवानगी महसुलाची, नकाशा नगररचनेचा, आणि कोंडीची तक्रार मात्र सरपंचाकडे.

पुस्तक या फटीत उभं आहे. ते कोणत्याही ले-आउटच्या बाजूचं किंवा विरोधातलं नाही. तालुक्याच्या गावाला घरं हवीत, दुकानं हवीत, पोरांना गावाजवळ काम हवं, हे ते गृहीत धरतं. त्याचा आग्रह एवढाच की नकाशावर सही होण्याआधी रस्ता मोजावा आणि तो माणसांत मोजावा : गाड्यांच्या रकान्याशेजारी त्यांत बसलेल्यांचा रकाना, पायी जाणाऱ्यांचा रकाना, आणि पांदणी कुठे येऊन मिळतात त्याचं टिपण. संहितेतलं जे उपयोगी ते ते घेतं, आणि जिथे संहिता मोटारीच्या काचेतून पाहते तिथे थांबून तसं सांगतं. सरपंच, ग्रामसेवक, तालुक्याचे इंजिनिअर, प्लॉट घेणारे, प्लॉट पाडणारे आणि नगररचना शिकणारे विद्यार्थी, सगळ्यांना ते वाचता येईल.

एक उणीव नोंदवायला हवी. नव्या रस्त्याचा आणि चौकाचा खर्च विकसकाने किती, शासनाने किती आणि कोणत्या टप्प्यावर द्यायचा, याची चर्चा पुस्तकात तोकडी आहे. मोजणी झाली तरी पैशाचा प्रश्न सुटला नाही, तर अहवाल कपाटातच राहतो. पुढच्या आवृत्तीत लेखकाने तिकडे वळावं.

वाचकाला मात्र त्या आवृत्तीची वाट पाहायचं कारण नाही. मोजणीला यंत्र लागत नाही. वही, पेन, घड्याळ आणि पाळीपाळीने बसणारी कॉलेजची पोरं एवढ्यावर ती होते. सोयाबीन निघायला लागलं की आपल्या फाट्यावर सात दिवस बसा, पुन्हा उन्हाळ्यात सात दिवस बसा, आणि ती वही ग्रामपंचायतीत ठेवा. बोर्ड लागल्यावर केलेली मोजणी भांडण ठरते. म्हणून ती आधीच करून ठेवा.